दिसतं म्हणजे किती दिसतं?

दिवस भरायच्या आधी जन्मलेल्या बाळांच्या डोळ्यांबद्दल पुष्कळ लिहिलेलं सापडतं. ते सगळं त्या बाळांच्या आईवडिलांसाठी असतं. ती बाळं मोठी होतात, शिकतात, नोकरीला लागतात, त्यांना स्वतःची मुलं होतात. मग एक दिवस त्याच डोळ्यांचं काहीतरी नव्याने सुरू झालं, तर त्या मोठ्या झालेल्या बाळाने काय वाचायचं? मी शोधलं तेव्हा मराठीत मला काही मिळालं नाही. म्हणून लिहिते आहे. पण आधीच सांगते, माझा गोंधळ अजून मिटलेला नाही. तो मिटल्यावर लिहू म्हटलं असतं तर हे कधीच लिहून झालं नसतं.

माझं नाव गौरी. मी मूळची साताऱ्याची. शिकायला सिडनीला आले, इथेच निखिल भेटला आणि इथेच राहिले. निखिल ठाण्याचा, आयटीत आहे. आमची मुलगी सई दुसरीत आहे. आम्ही पेंडल हिलला स्टेशनजवळ राहतो. मी दह्याच्या एका कारखान्यात क्वालिटीमध्ये काम करते. झाकण नीट बसलंय का, तारीख नीट छापली गेलीय का, चव बिघडली नाही ना, हे बघायचं काम. म्हणजे पोट डोळ्यांवरच चालतं.

मला जे माहीत होतं

मी साडेसहा महिन्यांची जन्मले, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. "तळहातावर मावायचीस," असं आत्या येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची आणि तळहात पुढे करून दाखवायची. चालायला लागले तेव्हापासून जाड चष्मा. डावा डोळा 'आळशी' आहे असं मला सांगितलेलं. त्याने उजेड कळतो, समोर माणूस आहे एवढं कळतं, कोण आहे ते कळत नाही. सगळा कारभार उजव्या डोळ्यावर.

त्या एका डोळ्यावर मी सायकल शिकले, कॉलेज केलं, इथे गाडीचं लायसन्सही मिळवलं. आपल्याला कमी दिसतं असं मला कधी वाटलं नाही. रस्त्यापलीकडून चालणारा माणूस लोकांना कसा ओळखू येतो, याचं मात्र आश्चर्य वाटायचं. त्यांची स्मरणशक्ती चांगली असेल, असं मी कित्येक वर्षं धरून चालले होते.

तो दिवस

आठवडाभर उजव्या डोळ्याच्या कडेला मधूनच चमकायचं. बाहेर कोणी फोटो काढतंय का म्हणून मी वळून बघायचे. निखिल म्हणाला, "फोन कमी कर जरा." मला ते पटलंही.

मग एका दुपारी कामावर असताना समोरून डबे जात होते आणि खालचा कोपरा काळा झाला. मी सेफ्टी चष्मा पुसला. मग माझा चष्मा पुसला. मग डोळा चोळला. माझ्यासोबत लाइनवर उभ्या असलेल्या ट्रिशने विचारलं, "यू राइट, मेट?" मी म्हटलं, "नो वरीज." आणि तो काळा कोपरा तसाच घेऊन डबे बघत राहिले. तेव्हा घाबरावं की नाही, हेच मला ठरवता येत नव्हतं.

शेवटी ट्रिशनेच मला गाडीत बसवून ब्लॅकटाउनच्या ऑप्टोमेट्रिस्टकडे नेलं. तो अगदी तरुण मुलगा होता. डोळ्यांत ड्रॉप्स घातले, बराच वेळ आत बघितलं, मग खुर्ची मागे घेऊन म्हणाला, "कॅन आय आस्क, वेअर यू अ प्रेमी?"

मला ऐकू आलं ते मराठीतलं 'प्रेमी'. हा आता काय विचारतोय? मी म्हटलं, "आय ॲम मॅरीड." तो आधी लाल झाला, मग हसला, मग एकदम गंभीर झाला. दिवस भरायच्या आधी जन्मलेल्या बाळाला इथे प्रेमी म्हणतात. सईच्या वेळी दिवस पूर्ण भरलेले होते, त्यामुळे तो शब्द कधी माझ्या कानावरून गेलाच नव्हता.

"यू नीड टू बी सीन टुडे," तो म्हणाला. "नॉट टुमॉरो. टुडे."

जुने व्रण

निखिल ऑफिसातून निघाला आणि आम्ही शहरातल्या डोळ्यांच्या हॉस्पिटलमध्ये पोचलो. तिथल्या सर्जनबाई चांगल्या होत्या. घाई नाही, गोडगोड बोलणंही नाही. त्यांनी मला समजेल असं सांगितलं. लवकर जन्मलेल्या बाळाच्या डोळ्याच्या पडद्यावर रक्तवाहिन्या पूर्ण पसरलेल्या नसतात. त्या नंतर वेड्यावाकड्या वाढतात, व्रण राहतात आणि ते व्रण आयुष्यभर पडद्याला थोडं थोडं ओढत राहतात. माझ्या उजव्या डोळ्याचा पडदा त्या ओढीने फाटून सुटला होता. ऑपरेशन लगेच करायचं होतं.

मग त्यांनी विचारलं, "तुमच्या डोळ्यांवर लहानपणी उपचार कोणी केले?"

"कोणीच नाही."

त्यांनी पुन्हा एकदा आत बघितलं. "झालेत. दोन्ही डोळ्यांवर. खुणा आहेत."

मी निखिलकडे बघितलं, म्हणजे तो जिथे असेल असं वाटलं तिकडे. ड्रॉप्समुळे सगळं पांढरंफेक झालं होतं. जे माझ्या डोळ्यांत होतं ते मला सोडून सगळ्यांना दिसत होतं, असं काहीतरी वाटून गेलं. राग म्हणावा तर राग नव्हता. दुसऱ्याच कुणाची तरी फाइल यांनी उघडली आहे, असं वाटत होतं.

बाहेर येऊन आईला फोन लावला. बाबा गेल्यापासून ती साताऱ्यात एकटी असते. जेवायची वेळ होती तिची.

"आई, माझ्या डोळ्यांचं लहानपणी काही केलं होतं?"

ताट बाजूला सरकवल्याचा आवाज आला.

"मुंबईला नेलं होतं तुला. दोन्ही डोळ्यांना गोठवल्यासारखं काहीतरी केलं. उजवा राहिला. डाव्याचं काही जमलं नाही."

"मग आळशी डोळा काय होता?"

"तसं सांगायला सोपं पडायचं."

"मला कधी सांगितलं नाहीस."

"तू विचारलं नाहीस," आई म्हणाली. मग घाईघाईने, "जेवलीस का?"

ऑपरेशन

पूर्ण भूल देत नाहीत, गुंगी देतात. आत नेण्याआधी मनप्रीत नावाच्या नर्सने उजव्या भुवईवर मार्करने बाण काढला. "इसी आँख का है ना?" तिने विचारलं. मी हो म्हटलं तरी तिने पुन्हा विचारलं, आणि तिसऱ्यांदा माझं बोट धरून मलाच त्या डोळ्याकडे न्यायला लावलं. "टेंशन मत लो, ये हम सबसे पूछते हैं." चूक झाली तर उरलेला डोळा कुठला, या विचाराने मला हसू आणि रडू एकदमच आलं.

आत असताना दुखलं नाही. पण दिसत होतं. माझ्याच डोळ्याच्या आत काहीतरी काळं, बारीक, इकडून तिकडे हलत होतं. मागे सर्जनबाई कोणाशी तरी आपल्या कुत्र्याबद्दल बोलत होत्या. कुत्रा सोफा खातो म्हणे. मी त्या सोफ्याला धरून राहिले. कुठल्या रंगाचा असेल, किती खाल्ला असेल, एवढाच विचार करत राहिले. ज्यांचं हे ऑपरेशन व्हायचं आहे त्यांना खरं सांगायचं तर एवढंच सांगता येईल, की आत काहीतरी धरायला मिळतं.

पडदा जागेवर चिकटून राहावा म्हणून डोळ्यात गॅसचा बुडबुडा सोडतात. त्याने पडदा दाबून धरायला हवा, म्हणून पुढचे काही दिवस मान खाली. जेवताना खाली, झोपताना खाली, बाथरूममध्ये खाली. दिवसा बसायला एक खास खुर्ची आणली होती, तिच्यात तोंड खाली घालून बसायचं. आणि बुडबुडा विरेपर्यंत विमानात बसायचं नाही. डिसेंबरात साताऱ्याला जायचं ठरलं होतं, ते रद्द झालं. व्हिजिटर व्हिसा होताच, तेव्हा आईच इकडे आली.

खाली मान

या दिवसांत मला सगळ्यात जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न म्हणजे, "दिसतंय का?" निखिल सकाळी विचारायचा. त्याची आई ठाण्याहून विचारायची. मित्रमंडळी मेसेज करायची. उजेड होता, रंग होते, पाण्यात डोळे उघडल्यासारखं हलत होतं. याला दिसणं म्हणायचं का?

सई माझ्या खुर्चीखाली कार्पेटवर उताणी झोपायची, म्हणजे तिचा चेहरा बरोबर माझ्या चेहऱ्याखाली यावा.

"कॅन यू सी मी नाऊ, मम्मा?"

"हो गं."

"व्हॉट ॲम आय डूइंग?"

मी अंदाज बांधला. "हसतेस."

"नो. आय ॲम नॉट."

ती उठून गेली. मला वाटलं रुसली. थोड्या वेळाने परत येऊन तशीच आडवी झाली आणि माझा हात ओढून स्वतःच्या गालावर ठेवला. जीभ बाहेर काढलेली होती. त्यानंतर मी तिला 'दिसतंय' असं खोटं सांगितलं नाही. 'काहीतरी गोल आहे' असं सांगायचे. तिला ते आवडायचं. "आय ॲम समथिंग गोल," ती आजीला सांगत सुटली.

मान खाली घातलेल्या माणसाला झोप लागली आहे असं लोकांना वाटतं. एकदा निखिल शेजारच्या खोलीत भावाशी फोनवर बोलत होता. "मला कळत नाहीये रे. ही आंधळी झाली तर काय करायचं ते खरंच कळत नाहीये." मग बाहेर येऊन माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, "सगळं मस्त होणारे." मी म्हटलं, "हो." ऐकलंय असं सांगितलं नाही. कशाला सांगायचं? आणि का नाही सांगायचं? दोन्ही प्रश्न मी त्या खुर्चीत बसून बरेच दिवस चघळले.

त्याचं आणि आईचं एकदाच वाजलं. आईने बॅगेतून एक छोटी बाटली काढली. "निखिल, हे घरचं गाईचं तूप आहे. काजळासारखं जरासं लावलं तर..."

"आई, डोळ्यात काही म्हणजे काही घालायचं नाही!" तो जवळजवळ ओरडलाच. इतक्या मोठ्याने की सई टीव्ही बंद करून आली.

आईने बाटली परत बॅगेत ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र कोपरापर्यंत हात धुऊन उभी राहिली आणि म्हणाली, "ड्रॉप्स कसे घालायचे ते दाखवा मला." निखिलच्या हातून अर्धे थेंब माझ्या गालावर ओघळायचे. आईचा एकही वाया गेला नाही. तिसऱ्या दिवशी त्याने ड्रॉप्सची टोपलीच तिच्या हवाली केली. त्या तुपाच्या पोळ्या खाल्ल्या आम्ही.

वाकडी चौकट

बुडबुडा हळूहळू लहान होतो. वरून दिसायला लागतं आणि खाली पाण्याची पातळी हलावी तशी एक रेघ डुलत राहते. मग एक दिवस तो वाटाण्याएवढा झाला आणि दुसऱ्या दिवशी नव्हता.

पडदा चिकटला होता. सर्जनबाई खूश होत्या. निखिलने घरी येताना पेढे घेतले. आणि मी दाराच्या चौकटीकडे बघत बसले. ती मधोमध वाकलेली होती.

"आधी सरळ दिसायची का?" निखिलने विचारलं.

काय सांगू? आधी मी चौकटीकडे कधी बघितलंच नव्हतं. अक्षरांच्या ओळी, विजेच्या तारा, माणसांचे चेहरे, हे सगळं आधीपासूनच थोडं वाकलेलं असेल आणि मी त्यालाच सरळ म्हणत आले असेन. किंवा हे नवीन असेल. जुन्या तपासण्यांत आकडे होते, पण मला काय दिसत होतं ते त्यांत कुठेच नव्हतं. सर्जनबाईही म्हणाल्या, "थोडं जुनं, थोडं नवं. किती कुठलं ते मी सांगू शकत नाही." निदान खरं तरी बोलल्या.

आज जे आहे ते असं. तक्त्यावरच्या काही ओळी गेल्या त्या गेल्याच. गाडी बंद. वाचायला फोनवर अक्षरं मोठी करते, दुकानात भिंग वापरते. कारखान्यात आता छापलेल्या तारखा बघत नाही, दह्याची चव आणि वास तपासते. ट्रिश म्हणते, मी या कामात आधीपेक्षा जास्त खडूस आहे. काही दिवस याला बरं होणं म्हणते, काही दिवस नाही म्हणवत.

तुम्ही माझ्यासारखेच लवकर जन्मलेले असाल तर माझ्याकडून एवढंच घ्या. घरात ज्यांना आठवतंय त्यांना आत्ताच विचारा, डोळ्यांचं काय झालं होतं. दिसतंय नीट म्हणून तपासणी सोडू नका. आणि डोळ्यात चमकायला लागलं किंवा कोपरा काळा झाला तर माझ्यासारखा चष्मा पुसत बसू नका, त्याच दिवशी दाखवा.

वाटा

आई परत जायच्या आधीच्या आठवड्यात चहा पिताना म्हणाली, "गौरी, ऑक्सिजनमुळे होतं का गं हे?"

कोणीतरी तिला एक व्हिडिओ पाठवला होता. लवकर जन्मलेल्या बाळाला ऑक्सिजन जास्त झाला तर डोळ्यांना धोका होतो, असं त्यात सांगितलं होतं.

मग तिने मला जे सांगितलं ते मी पहिल्यांदाच ऐकत होते. माझ्या जन्मानंतर छोट्याशा नर्सिंग होममधला ऑक्सिजन संपत आला होता. बाबा रिक्षाने गेले आणि दुसरीकडून सिलिंडर घेऊन आले. रस्ता खराब, म्हणून अख्ख्या वाटेत तो मिठी मारल्यासारखा धरून बसले होते. "आणि मी त्यांना म्हटलं, आणखी एक आणून ठेवा," आई म्हणाली. "कमी पडायला नको. मीच म्हटलं होतं."

चहा अर्धाच ठेवून तिने कप बाजूला सारला.

पुढची तपासणी दोन दिवसांनी होती. तिला बरोबर घेऊन गेले. निखिलला मीटिंग होती, तेव्हा भाषांतर मीच करायचं होतं. सर्जनबाईंनी आईकडे वळून नीट उत्तर दिलं. त्या म्हणाल्या की ऑक्सिजन नसता तर ही मुलगी जगलीच नसती. तो किती द्यायचा हे बारकाईने मोजायची सोय तेव्हा सगळीकडे नव्हती. त्याचा यात काही भाग असू शकतो, पण फुप्फुसं, वजन, इतक्या लवकर जन्मणं, हे सगळंच त्यात होतं. आणि मुंबईला नेलंत म्हणून एक डोळा तरी राहिला.

मी आईला मराठीत सांगितलं. जगली नसती, हे सांगितलं. मोजायची सोय नव्हती, हे सांगितलं. मुंबईचं तर दोनदा सांगितलं. मधलं ते एक वाक्य सांगितलं नाही. आईने मान हलवली आणि सर्जनबाईंना हात जोडले.

परतीच्या ट्रेनमध्ये ती माझ्यासमोर बसली होती. पॅरामाटा स्टेशन गेल्यावर म्हणाली, "पार्ट म्हणजे वाटा ना?"

मी मांडीवरची पर्स सारखी केली.

"एवढं इंग्रजी येतं मला. ऑक्सिजन म्हणाल्या आणि पार्ट म्हणाल्या. तू ते गाळलंस."

"हो."

"का?"

"तुला त्रास होईल म्हणून."

आई खिडकीबाहेर बघत राहिली. "मग मी काय वेगळं केलं तुझ्याशी, इतकी वर्षं?"

आळशी डोळा म्हणून तिने मला एक सोपं बालपण दिलं होतं की माझंच काहीतरी माझ्यापासून काढून घेतलं होतं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. तिचंही ठरलेलं नसावं.

"तेव्हा मी बरोबर केलं का चूक?" तिने विचारलं. सिलिंडरबद्दल की न सांगण्याबद्दल, ते तिने सांगितलं नाही.

"मला माहीत नाही, आई. खरंच माहीत नाही."

"हं," ती म्हणाली. आणि का कोण जाणे, तिचे खांदे जरा सैल झाले. कदाचित मी 'बरोबर' म्हणाले असते तर तिने विश्वास ठेवला नसता.

मग तिने पदर सारखा केला आणि जरा पुढे झुकून बसली. "आता काही गाळू नकोस. मी कशी दिसतेय तुला, आत्ता, इथून?"

मी नीट बघितलं. घाई केली नाही.

"नाक डावीकडे सरकलंय. एक भुवई वर गेलीय. आणि हनुवटी नाहीये."

आईने खरंच हात लावून पाहिलं, हनुवटी आहे का.